बाजरीचं वजन

एकतीस वर्षं मी वजनं तपासली.
भद्रकालीच्या भाजीबाजारात, पंचवटीच्या आडतींवर,
नांदगावच्या आठवडी बाजारात
किलोच्या बुडातलं शिसं कोरून काढलेली भोकं
बोटानं चाचपून शोधली.
माझ्यासमोर काटा खोटं बोलत नसे.

आता काट्यावर बाजरी चढते.
चढते म्हणजे, तिला कशीबशी उचलून मी चढते,
मग माझं वजन वजा करते,
आणि वाढलंय दोघींचंही हे मान्य करायला नको म्हणून
सगळा फरक तिच्या नावावर टाकते.

सातपूरला एका कारखान्याच्या कँटीनमागे सापडली,
तेव्हा फासळ्या लांबून मोजता येत, दोन्हीकडच्या तेरा-तेरा.
आता डॉक्टर आहेर म्हणतात,
फासळ्या दिसायला नकोत, पण हाताला लागायला हव्यात.
वरून बघा, कंबर आहे का?
मी वरून बघितलं.
मानेपासून शेपटीपर्यंत सरळ गॅस सिलेंडर.

जंत नाहीत. रक्त ठीक.
"मग ही भूक खरी का हो?"
"तिच्यापुरती खरी. पोटापुरती नाही."

सकाळी नव्वद ग्रॅम, संध्याकाळी नव्वद.
मधे उकडलेली फरसबी, बिनमिठाची.
लाल भोपळा चार चमचे, सपाट, शीग न लावता.
दाणे इडलीपात्रात पसरते,
म्हणजे जीभ प्रत्येक खळग्यात थोडी थांबेल.
सोळा खळगे, चाळीस सेकंद.
मग ती पात्र पालथं करून बघते,
खाली आणखी एक मजला असेल म्हणून.

आणि ही नाशिकची कुत्री!
द्राक्ष तिला विष, मनुका विष, कांदासुद्धा विष.
फेब्रुवारीत भाचा दिंडोरीहून क्रेट पाठवतो,
ते मी माळ्यावर चढवते.
लासलगावचा कांदा गॅलरीत उंच टांगते.
ती दोन्हींकडे अशी बघते,
जणू जप्तीचा माल साहेबच खाणार.
खाते मीच, खरं आहे.

तरी महिन्यात दोनशे ग्रॅम चढले.
काटा बरोबर आणि माल चुकीचा,
म्हणजे मधे कुणाचा तरी हात आहे.
जिन्यात उभी राहिले, पूर्वी साध्या वेशात बाजारात राहायचे तशी.

पहिल्या मजल्यावर बोरस्तेबाई, पोळीचा पापुद्रा तूप लावून.
गेटवर पुंजाराम, ग्लुकोजची बिस्किटं, "दोनच, ताई."
तिसऱ्यावरची ईरा, डब्यातला अख्खा पराठा, आईला न सांगता.
एकीकडे ती सोनुली, एकीकडे राणी, वर चॉकलेट.
तिन्ही नावांना ओ देते.
जबाब सगळ्यांचा एकच,
"ती बघते हो."

दंड कुणाला केला नाही.
तिच्याच नव्वदातले पाच-पाच दाणे
पुड्या बांधून तिन्ही दारी पोचवले.

परवा गंगेवर गेलो.
रामकुंडापाशी एक कुटुंब ताटकळत होतं,
पानावर भाताचा पिंड, तीळ, दर्भ,
आणि कावळे पलीकडच्या तारेवर, भलतीकडे तोंड करून.
कुणी म्हणत होतं, अजून काय राहिलं असेल त्यांचं?
तेवढ्यात दोरी माझ्या हातून सुटली.

दीड सेकंद लागला असेल.

मी जागच्या जागी मेले.
मुंडण केलेला मुलगा रिकाम्या पानाकडे बघत राहिला,
मग त्याचे खांदे हलायला लागले.
मला वाटलं, रडतोय.
"आमचे तात्या," तो म्हणाला, "अगदी असेच.
डॉक्टरनं अर्धी भाकरी सांगितली,
तर उरलेली अर्धी शेजारी जाऊन खायचे."

रात्री वही उघडली.
तारखेपुढे लिहिलं, भात, अंदाजे ऐंशी ग्रॅम, तीळ चिमूटभर.
कुणाकडून, या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
ओला भात आणि कोरडे दाणे सारखे धरायचे नाहीत,
म्हणजे नव्वदातून वजा तीस.

बाजरी इडलीपात्रापुढे बसली होती,
आज काही खाल्लंच नाही अशी.

सत्तर घातले.
वहीत साठ लिहिले.